वहिवाट मोडणाऱ्या गाड्या

फ्रान्सच्या मुलखात ज्याने उमेदीची वर्षे घालविली आहेत, त्याने त्या देशाविषयी लिहावयास घेतले म्हणजे पॅरिसचे प्रशस्त राजमार्ग, लूव्ह्रमधील चित्रे, ल्वार नदीकाठचे प्रासाद किंवा गेला बाजार तेथील पाव आणि चीज यांचे वर्णन त्याच्याकडून अपेक्षिले जाते. आणि ही अपेक्षा गैरवाजवी आहे असेही नाही. परंतु ही सर्व स्थळे मी ज्यांच्या काचेतून पाहिली, ज्यांच्यामुळे ती मला विशिष्ट क्रमाने, विशिष्ट गतीने आणि पुष्कळदा विशिष्ट कोनात कललेल्या अवस्थेत दिसली, त्या जुन्या फ्रेंच मोटारींचे ऋण मला त्या प्रासादांच्या ऋणापेक्षा मोठे वाटते. शेजारच्या देशांतील मोटारज्ञ मंडळी त्या गाड्यांना विक्षिप्त म्हणत. मी त्यांच्या सहवासात राहिलो, त्यांची देखभाल केली, त्यांच्यासाठी भर पावसात रस्त्याच्या कडेला उभा राहिलो, आणि माझे मत असे झाले की विक्षिप्तपणाचा हा आरोप त्यांची कैफियत न ऐकताच त्यांच्यावर ठेवण्यात आला आहे. ती कैफियत त्यांच्या वतीने मी येथे सादर करीत आहे.

मोटार चालविण्याची माझी विद्या मुंबईची. कुर्ल्याच्या कारखान्यात बनणाऱ्या फियाट ११०० ह्या इटालियन वंशाच्या गाडीवर मी ती शिकलो, आणि १९६० च्या दशकाच्या अखेरीस रंगरसायनांच्या एका कारखान्यातील नोकरीच्या निमित्ताने पॅरिसच्या उपनगरात बिऱ्हाड केले. पहिल्याच आठवड्यात घरासमोरच्या गल्लीत जी वाहने दृष्टीस पडली, त्यांत एकीची मागची काच वरून खाली येताना आतल्या बाजूस उतरत गेलेली होती, एकीचे नाक पन्हळी पत्र्याचे होते आणि एक रात्रभर जमिनीला पोट टेकून बसे व सकाळी मालक आला की उठून उभी राही. सर्वांचे दिवे पिवळे. कारण १९३७ पासून तसा कायदाच होता आणि तो १९९३ पर्यंत टिकला. रस्त्यावरचा शिरस्ताही निराळा होता. उजवीकडून येणाऱ्यास अग्रहक्क, मग तो हमरस्त्यावरून येवो की एखाद्या शेताच्या बोळातून, हा तेथील नियम. आणि ज्याचे वाहन मोठे त्याचा हक्क पहिला, ह्या मुंबईच्या अलिखित फर्मानात वाढलेल्या माणसाला तो अंगवळणी पाडून घेताना मान सतत उजवीकडे वळलेली ठेवावी लागे.

आमची पहिली गाडी सित्रोएन कंपनीची दशव्हो. ती १९५० च्या दशकाच्या शेवटी शेवटी बनलेली, राखी रंगाची, पन्हळी नाकाची होती आणि एका खेड्यातील निवृत्त शिक्षकाकडून आम्ही ती विकत घेतली. व्यवहाराच्या दिवशी त्या गृहस्थांच्या बागेत गेलो, तेव्हा पाहुण्यांना बसावयास खुर्च्या आणण्याऐवजी त्यांनी गाडीची दारे उघडून तिची दोन्ही आसने अलगद उचलली, ती सफरचंदाच्या झाडाखाली मांडली आणि "बसा मस्य, बसा मादाम, गाडी पाहण्याआधी तिच्यावर बसून पाहा," असे म्हणून ते दस्तऐवज आणावयास आत गेले. नळ्यांच्या सांगाड्यावर रबरी पट्टे ताणून वर कापड घातलेले ते आसन घरातील कोणत्याही खुर्चीपेक्षा सुखाचे होते. करड्या रंगाचा नोंदणीचा कागद, वर्षाचा कर भरल्याची चिठ्ठी (ती तंबाखूच्या दुकानात विकत मिळे, आणि १९५६ साली हा कर वृद्धांच्या साहाय्यार्थ म्हणून बसविण्यात आला होता) आणि उभयतांच्या सह्या एवढा सरंजाम झाडाखालीच उरकला. मग आसने पुन्हा गाडीत गेली आणि गुरुजींनी पेट्रोलच्या टाकीत एक पट्टी बुडवून, ती डोळ्यांजवळ धरून, आत किती इंधन आहे ते मला दाखविले. कारण तेवढ्यासाठी काटा बसविणे हा कारखान्याला अनावश्यक खर्च वाटला होता.

ह्या गाडीचा जन्म कसा झाला ते सांगितल्याखेरीज तिचे वागणे समजावयाचे नाही. १९३४ च्या अखेरीस आंद्रे सित्रोएन यांचा कारखाना कर्जात बुडाला, तेव्हा त्यांचे मोठे धनको असलेल्या मिशलँ ह्या टायर-कारखानदारांनी तो ताब्यात घेतला. आणि त्यांच्या वतीने आलेल्या पियेर-झ्यूल बुलांजे ह्या दूरदृष्टीच्या, काटकसरी आणि काहीशा हट्टी गृहस्थांनी आपल्या यंत्रज्ञांपुढे एक तजवीज ठेवली. तिच्यात सौंदर्याचा उल्लेख नव्हता, वेगाचा जवळजवळ नव्हता. लाकडी खडावा घातलेले दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन ताशी ६० किलोमीटर वेगाने जाईल, शंभर किलोमीटरना तीन लिटरच पेट्रोल पिईल आणि अंड्यांची टोपली ठेवून नांगरटीतून नेली तरी एकही अंडे फुटू देणार नाही, असे वाहन त्यांना पाहिजे होते. आंद्रे लफेव्र यांनी रचना केली, वॉल्तेर बेकिया यांनी दोन सिलिंडरांचे, पाण्याऐवजी वाऱ्याने थंड होणारे इंजिन दिले आणि बाह्यरूप फ्लामिनिओ बेर्तोनी ह्या इटालियन शिल्पकाराच्या हाताखालून गेले. बुलांजे स्वतः उंच होते. डोक्यावर हॅट ठेवून ते नमुन्याच्या गाडीत बसत आणि हॅट छताला लागली तर गाडी नापास होई, असे सांगतात. १९३९ च्या प्रदर्शनासाठी सुमारे २५० गाड्या तयार झाल्या तोच महायुद्ध सुरू झाले, प्रदर्शन रद्द झाले, आणि जर्मनांच्या हाती काही लागू नये म्हणून बहुतेक गाड्या मोडण्यात व उरलेल्या दडविण्यात आल्या. ला फेर्ते-व्हिदाम येथील चाचणीच्या जागेवरील एका कोठारातून त्यांपैकी तीन थेट १९९० च्या दशकात बाहेर निघाल्या. १९४८ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या प्रदर्शनात गाडीवरचे आच्छादन दूर झाले, तेव्हा पत्रकारांनी तिची यथेच्छ टवाळी केली. ग्राहकांनी मात्र अशी रांग लावली की गाडी हाती येण्यास वर्षानुवर्षे थांबावे लागे. पत्रकारांचे मत आणि शेतकऱ्यांचे मत यांतील हे अंतर मला नेहमी उद्बोधक वाटत आले आहे.

ऑगस्ट महिना लागला की पॅरिस ओस पडते. आम्हीही बिऱ्हाडाला कुलूप लावून राष्ट्रीय मार्ग क्रमांक सातने भूमध्य समुद्राकडे निघालो. पॅरिसपासून इटलीच्या सरहद्दीवरील माँतोंपर्यंत सुमारे हजार किलोमीटरचा हा रस्ता. शार्ल त्रेने यांनी १९५५ साली त्याच्यावर गाणेच रचलेले असल्यामुळे फ्रेंच माणसाच्या मनात तो रस्ता आणि सुट्टी यांची फारकत होऊ शकत नाही. आमच्या गाडीत अवघे १२ अश्वशक्तीचे, ४२५ घन सेंटिमीटरांचे इंजिन होते. गिअरचा दांडा पायाशी नसून समोरच्या फळीतून बाहेर आलेला. तो पिळावयाचा, मग आत ढकलावयाचा किंवा बाहेर ओढावयाचा, आणि एकदा सवय झाली की मनगटाला त्यात असा काही आनंद वाटू लागतो की सपाट रस्त्यावरही माणूस विनाकारण गिअर बदलतो. मागे सामान अधिक भरले तर गाडीचे नाक वर होऊन दिवे झाडांच्या शेंड्यांवर पडतील, हे ओळखून आतच एक फिरकी दिलेली होती. ती फिरवली की दिवे पुन्हा रस्त्यावर येत. पुढच्या खिडकीची काच मधोमध दुमडून वर अडकवावी लागे आणि खड्डा मोठा असला की ती सुटून थेट कोपरावर येई. ह्या एका बाबतीत मी कारखान्याचा बचाव करणार नाही.

फोंतेनब्लोचे अरण्य मागे पडले, साखरेत घोळलेल्या बदामांसाठी प्रसिद्ध असलेले माँतार्जी गेले, आणि ल्वारच्या काठाकाठाने नव्हेरकडे जाताना पावसाने गाठले. गाडीतील पाऊस पुसणाऱ्या काड्या विजेवर चालत नसत. वेगाचा काटा ज्या तारेने फिरतो त्याच तारेने त्याही फिरत, म्हणजे गाडी धावली तर काड्या धावणार आणि गाडी रेंगाळली तर त्याही रेंगाळणार. मुसळधार पावसात शहाणा माणूस वेग कमी करतो, आणि नेमका तेव्हाच त्याला समोरचे दिसेनासे होते! त्यावर तोडगा म्हणून एक गुंडी होती. थांबलेल्या गाडीत ती हाताने फिरवून काच पुसता येई. पत्नी हे सर्व शांतपणे पाहत होती. "अहो, हे लोक एवढे हुशार, आणि पावसाचा विचार कसा नाही केला यांनी?" असे तिने विचारले. विचार केला होता. वेगळी विजेची मोटर बसविली तर गाडीची किंमत किती वाढेल, ह्याचाही केला होता. तिला ते पटले नाही. पुढे कारखान्यालाही पटले नसावे, कारण नंतरच्या गाड्यांत विजेच्या काड्या आल्या.

मात्र खड्ड्यांच्या बाबतीत बुलांजे यांचा शब्द अक्षरशः पाळला गेला होता. प्रत्येक बाजूस पुढच्या व मागच्या चाकांचे बाहू गाडीच्या पोटाखाली आडव्या ठेवलेल्या एका नळकांड्यातील स्प्रिंगांना जोडलेले असल्यामुळे पुढचे चाक उचलले गेले की त्याची वर्दी त्याच बाजूच्या मागच्या चाकाला पोहोचते, आणि बसणाऱ्यास खड्डा जाणवतो तो एखाद्या संथ हेलकाव्याच्या रूपाने. मागच्या आसनाखाली पुण्याहून आलेली कैरीच्या लोणच्याची बरणी होती. बूर्बोने प्रांतात मुक्कामासाठी आम्ही हमरस्ता सोडून एका शेतवाडीकडे वळलो, तेव्हा ट्रॅक्टरने खणून काढलेल्या त्या वाटेवरून जाताना पत्नीचे सारे लक्ष बरणीकडे होते. वाडीवर पोहोचल्यावर फडके सोडून पाहिले तो तेलाचा एक थेंब बाहेर आलेला नव्हता. वळणावर मात्र ही गाडी एवढी कलते की पलीकडच्या माणसाने डोळे मिटून घ्यावेत. ती उलटत नाही, ह्यावर विश्वास बसावयास थोडा काळ जावा लागतो.

लापालिस ह्या गावाजवळ दक्षिणेकडे निघालेला सारा देश एका अरुंद रस्त्यात अडकून पडला होता. पुढची गाडी हलेना, मागची भोंगा थांबवीना. काही वेळाने लोकांनी इंजिने बंद केली, घडीची टेबले उघडली आणि कडेच्या गवतावर जेवणे सुरू झाली. आम्हीही गुरुजींचा धडा गिरवून मागचे आसन झाडाखाली काढून ठेवले, तेव्हा शेजारच्या ऐटबाज मोटारीतील कुटुंब गवतावर वर्तमानपत्रे पसरून बसले होते आणि त्यातल्या आजीबाईंना आम्ही आमच्या आसनावर जागा करून दिली. रोआन सोडल्यावर तारारचा घाट लागतो. त्या चढावर नाक उघडून, पाण्याच्या वाफा सोडीत, मोठमोठ्या इंजिनांच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या आणि आमची दशव्हो, जिच्यात उकळावयास पाणीच नव्हते, दुसऱ्या गिअरमध्ये तक्रारीच्या स्वरात गुरगुरत त्यांच्यावरून पुढे गेली. आयुष्यात एवढ्या महागड्या गाड्या मी त्यानंतर कधी मागे टाकल्या नाहीत.

व्हिएन येथे फेर्नां प्वँ यांचे जगद्विख्यात भोजनगृह आम्ही बाहेरून पाहिले; आमचे जेवण होई ते मालमोटारीवाल्यांच्या खाणावळीत, जेथे शाकाहारी म्हणजे काय हे पत्नीने समजावून सांगितल्यावर मालकीणबाई प्रथम तिच्या प्रकृतीची चौकशी करीत आणि मग एवढे मोठे ऑम्लेट, कोशिंबीर व चीज आणून ठेवीत की उठणे कठीण व्हावे. (अंड्याचा प्रश्न पत्नीने सरहद्द ओलांडतानाच निकालात काढला होता.) व्हालाँसच्या पुढे हवा बदलते. छपरावरचे जाड कापड गुंडाळून मागे बांधले, रातकिड्यांसारखे भर दुपारी ओरडणारे सिकाडा ऐकू येऊ लागले, माँतेलिमारात प्रत्येक दुकानावर नुगाच्या पाट्या, ओरांजच्या वेशीवर रोमनांची कमान आणि तेथून पुढे मैलोगणती प्लेन वृक्षांची दुतर्फा रांग, जिच्या सावलीच्या पट्ट्यांतून जाताना डोळे दिपत. ताशी साठ-सत्तरच्या वेगाने जाणाऱ्यास प्रत्येक दगडावरचे अंतर वाचता येते, प्रत्येक गावाचे नाव तोंडपाठ होते. फ्रान्सचा भूगोल मला जो काही येतो तो ह्या वेगाने शिकविला आहे.

काही वर्षांनी बढती झाली, ल्योनला बदली झाली, आणि दशव्हो एका तरुण सहकाऱ्याच्या हवाली करून आम्ही जुन्या बाजारातून १९६५ सालची डीएस १९ घेतली. रात्री पोट टेकून बसणारी ती हीच. ५ ऑक्टोबर १९५५ रोजी पॅरिसच्या ग्राँ पालेत ती प्रथम लोकांपुढे आली आणि त्या एका दिवसात सुमारे १२,००० लोकांनी तिच्यासाठी मागणी नोंदविली. आकार पुन्हा बेर्तोनी यांचाच, रचना लफेव्र यांची. पण तिचा प्राण होता तो पोल माझेस ह्या गृहस्थांनी सिद्ध केलेल्या तेल-वायूच्या यंत्रणेत. ह्या गाडीला स्प्रिंगा नाहीत. प्रत्येक चाकापाशी एक धातूचा गोल, त्याच्या मधोमध रबरी पडदा, पडद्याच्या एका अंगास कोंडलेला नायट्रोजन व दुसऱ्या अंगास पंपाने दाबलेले तेल. धक्का बसतो तो वायूला, आणि ओझे कितीही वाढले-घटले तरी तेल कमी-अधिक होऊन गाडीची उंची कायम राहते. तेच तेल ब्रेक लावते, स्टिअरिंग वळविते, क्लच दाबते आणि गिअरही बदलते. रोलां बार्त यांनी १९५७ साली ह्या गाडीवर लिहिताना मोटारीची तुलना गॉथिक कॅथेड्रलांशी केली होती. एवढ्या मोठ्या पंडिताशी वाद घालण्याचा माझा अधिकार नाही. पण कॅथेड्रल भक्तासाठी खाली वाकत नाही आणि ही वाकत असे, एवढे नमूद करून ठेवतो.

त्या उन्हाळ्यात माझे थोरले काका, जे नगर जिल्ह्यात मामलेदार म्हणून निवृत्त झाले होते, रिझर्व्ह बँकेच्या परवानगीने मिळालेले मोजके डॉलर आणि धोतरांच्या चार जोड्या घेऊन आमच्याकडे आले. पहिल्या सकाळी त्यांना गाडीपाशी नेले, तेव्हा त्यांनी छत्री बगलेत धरून तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि पंचनाम्यास आरंभ केला. "बाळ, ही मागची चाके निम्मी झाकलेली का? स्टिअरिंगच्या चाकाला आरा एकच कसा? आणि ब्रेकचे पेडल कुठे आहे?" पेडल नव्हते; त्याच्या जागी जमिनीतून वर आलेली एक रबरी गुंडी होती, आणि तिच्यावर पाय आपटावयाचा नसून केवळ भार द्यावयाचा असतो. मी गिअरची दांडी डावीकडे सारून इंजिन चालू केले (चालू करण्याची किल्ली म्हणजे ती दांडीच), तशी गाडी आधी मागून आणि मग पुढून, उंट उठावा तशी उठली. काका दोन पावले मागे सरले. "अरे, ही बसली होती का?" मग आसनावर बसून, हात मांड्यांवर ठेवून, ते बराच वेळ काहीच बोलले नाहीत. ल्योन मागे पडल्यावर म्हणाले, "मुलकी खात्यात जन्म गेला. प्रत्येक कज्ज्यात लोक एकच सांगत, असे पूर्वापार चालत आले आहे. वहिवाट हा पुरावा असतो बाळ, कारण नसते. ह्या गाडीच्या लोकांना ते कोणीतरी सांगितलेले दिसते."

माझ्या कैफियतीचा गाभा मला असा अनपेक्षितपणे काकांकडून मिळाला. ब्रेकला पेडल असते कारण पूर्वी तारा ओढाव्या लागत. तेलाच्या दाबाने ब्रेक लागणार असतील तर एवढ्या लांब पायाची हालचाल कशासाठी, हा प्रश्न कोणीतरी विचारला आणि मिळालेले उत्तर भीड न बाळगता गाडीत बसविले. एकच आरा का, तर अपघातात छातीवर आघात कमी व्हावा म्हणून. जॅक का नाही, तर गाडी स्वतःच उंच होते. मग तिच्या कुशीखाली एक टेकू लावावयाचा, तिला खाली बसावयास सांगावयाचे, की ती बिचारी आपले चाक स्वतःच वर उचलते. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ पती-क्लामार येथे राष्ट्राध्यक्ष द गोल यांच्यावर गोळीबार झाला, तेव्हा टायर फुटलेल्या अवस्थेतही त्यांची डीएस सरळ रेषेत निसटून गेली. त्या दिवसानंतर ह्या यंत्रणेची थट्टा करणाऱ्यांचा आवाज बराच खाली आला.

आता दुसरी बाजू. १९६६ च्या उत्तरार्धापर्यंतच्या गाड्यांत जे तांबडे तेल असे ते हवेतील ओलावा शोषून घेई आणि पाण्यामुळे नळ्या आतून गंजत. त्यानंतर हिरवे खनिज तेल आले आणि तो रोग बहुतांशी गेला. आमची गाडी तांबड्या तेलाची. क्लेरमाँ-फेराँच्या ज्वालामुखी पर्वतरांगा पाहून आम्ही ल प्वीकडे चाललो असता ब्रियूदच्या अलीकडे धोक्याचा दिवा लागला, स्टिअरिंग जड झाले आणि काकांनी मागच्या काचेतून पाहून शांतपणे सांगितले की रस्त्यावर तांबडी रेघ उमटते आहे. गाडी कडेला घेतली, ती हळूहळू जमिनीला टेकली, आणि इंजिन उत्तम चालत असूनही एक पाऊल पुढे जाण्यास तिने असमर्थता दर्शविली. एकाच रक्तावर सारी इंद्रिये पोसण्याचा हा परिणाम. पुढच्या खेड्यातला निळ्या डगल्याचा मिस्त्री आपली मोडकी मोटार घेऊन आला, आमची गाडी ओढून नेली, आणि दुपारभर तिच्या पोटाखाली निजून फुटलेली नळी बदलली. तोवर त्याच्या आईने काकांना चुलीजवळ बसवून दूध तापवून दिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरीही त्या म्हातारीची जमीन किती, पाणी कोठून येते आणि वाटणीचा वाद कोणाशी आहे, ही सर्व माहिती संध्याकाळपर्यंत काकांच्या दप्तरी जमा झालेली होती.

ल प्वी हे गाव पाहण्यासारखे आहे. सपाटीतून ज्वालामुखीचे सुळके उभे राहिले आहेत. एकावर क्रिमियाच्या युद्धात रशियनांकडून घेतलेल्या २१३ तोफा वितळवून केलेली मेरीमातेची प्रचंड मूर्ती, तर दुसऱ्यावर दहाव्या शतकातले सेंट मायकेलचे देऊळ. काकांनी त्याच्या २६८ पायऱ्या विश्रांती न घेता चढून काढल्या आणि वर गेल्यावर पहिली चौकशी केली ती देवस्थानच्या उत्पन्नाची. खाली बाजारात पत्नीला त्या प्रांताची प्रसिद्ध हिरवी मसूर मिळाली. ती शिजवली तरी मोडत नाही, आणि गोडा मसाला व आमसूल घालून केलेली तिची आमटी आमच्या घरात पुढे कायमची रूढ झाली.

पत्नीने स्वतःसाठी नंतर रनो ४ घेतली. १९६१ साली आलेली ही गाडी टपालखात्यात पिवळी, पोलिसांकडे निळी आणि शेतकऱ्यांकडे चिखलाच्या रंगाची असे. ८० लाखांहून अधिक गाड्या बनल्या. तिचे एकच वैशिष्ट्य सांगतो. मागच्या चाकांना आधार देणारे पिळाचे दांडे गाडीच्या पूर्ण रुंदीचे असल्याने ते एकामागे एक ठेवावे लागले, आणि त्यामुळे पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर उजव्या बाजूस डाव्यापेक्षा जवळजवळ पाच सेंटिमीटर अधिक भरे. कारखान्याला ह्यात लपविण्यासारखे काही वाटले नाही, आणि चालविणाऱ्याला ते कधी कळतही नसे. पेजोच्या गाड्या, विशेषतः पिनिनफारिनाने घडविलेली ४०४, फार टिकाऊ, सभ्य आणि समजूतदार. म्हणूनच त्यांच्याविषयी सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. पुढे १९८० च्या दशकात सुट्टीवर गावी आलो असता महिंद्राच्या जीपमध्ये पेजोच्या रचनेचेच डिझेल इंजिन खडखडताना ऐकले, आणि काकांच्या नगर जिल्ह्यातील धुळीत ते बिनतक्रार चाललेले पाहून मला आश्चर्य वाटले नाही.

डीएस १९७५ साली बंद झाली. तेलाच्या टंचाईनंतर तिच्यासारख्या गाडीचे दिवस संपतच आले होते. उलट दशव्होची मागणी त्याच टंचाईने वाढविली, आणि ती पोर्तुगालमधील मांग्वाल्द येथील कारखान्यातून शेवटची बाहेर पडली ती २७ जुलै १९९० रोजी. आजच्या फ्रेंच गाड्या निर्दोष आहेत. त्या पावसात पुसतात, चढावर उकळत नाहीत, कोपरावर काच पाडीत नाहीत. फक्त त्यांच्यावरचे चिन्ह झाकले तर त्या कोणत्या देशाच्या हे ओळखणे मला जमत नाही, आणि हा दोष मी वयाला द्यावयास तयार नाही.

राष्ट्रीय मार्ग क्रमांक सातचा पुष्कळसा भाग आता जिल्ह्यांच्या ताब्यात गेला असून त्याचे क्रमांकही बदलले आहेत. घाईची वाहतूक जलदमार्गाने जाते. परंतु २००६ पासून लापालिसचे रहिवासी साधारणतः एक वर्षाआड, ऑक्टोबरात, जुन्या मोटारींच्या मालकांना बोलावून आपल्या गावात ती पूर्वीची कोंडी हौसेने पुन्हा घडवून आणतात, आणि शेकडो जुन्या गाड्या इंजिने बंद करून रस्त्यात उभ्या राहतात. फ्रान्सला जाणाऱ्या वाचकांपैकी ज्यांना आगगाडीच्या वेगापेक्षा देश पाहण्यात अधिक रस असेल, त्यांनी आपली सफर त्या सुमारास आखावी, तारखेची खातरजमा आधी करून घ्यावी, आणि मुक्कामाची सोय मुलँ किंवा रोआन येथे आगाऊ करून ठेवावी.